‘कन्व्हर्ट करणे’: रूपांतर, लिप्यंतर की कुलूप काढणे?

तळटीप: घरातल्या जुन्या ध्वनिफाइली कशा जपाव्यात यावर मराठीत एक मार्गदर्शिका लिहितोय. मिनिडिस्क (ध्वनिमुद्रणाची छोटी डिस्क), डिक्टाफोनच्या डीएसएस फाइली, परदेशातल्या वाचकांकडची आयट्यून्सची जुनी कुलूपबंद एमफोरपी गाणी हे सगळं साध्या फाइलीत कसं आणायचं, असं एक प्रकरण आहे. ‘प्रोप्रायटरी फॉरमॅट’ला ‘स्वामित्वाधीन प्रारूप’ आणि ‘कन्व्हर्ट’ला ‘रूपांतर’ असे शब्द कुणी सुचवलेत. चालतील?

पेटीवाला: ‘प्रारूप’ नको. प्रारूप मतदार यादी, प्रारूप विकास आराखडा असं आपण रोज वाचतो. तिथे त्याचा अर्थ कच्चा मसुदा. ‘फॉरमॅट’ सगळ्यांना कळतो, तोच ठेवा. ‘स्वामित्वाधीन’ही दिशाभूल करतो. एमपीथ्रीवर पेटंटं होती, त्यांचा परवाना कार्यक्रम २०१७ साली संपला. पण त्याआधीही एमपीथ्रीत कुणाची गाणी अडकून पडली नाहीत, कारण ती कुठल्याही यंत्रावर वाजायची. प्रश्न मालकीचा नाही, कोंडीचा आहे. सरळ ‘बंदिस्त फॉरमॅट’ म्हणा. उलट बाजूला ‘खुला’ आहेच: फ्लॅक, ऑग व्हॉर्बिस हे कुणालाही वापरता येणारे ध्वनिफॉरमॅट.

टाकसाळ: ‘बंदिस्त’ पटलं. माझी हरकत ‘रूपांतर’ला आहे. त्या एका शब्दाखाली वेगवेगळ्या क्रिया दडतात आणि वाचकाचं नुकसान तिथेच होतं.

वेव्हचं, म्हणजे न दाबलेल्या आवाजाच्या साध्या फाइलीचं, फ्लॅक केलं तर आवाजाचा कणही जात नाही. एका लिपीतला मजकूर दुसऱ्या लिपीत जसाच्या तसा उतरवावा तसं ते लिप्यंतर आहे, हवं तेव्हा उलटं फिरवता येतं. पण आयट्यून्सचं २००३ मधलं गाणं घ्या. १२८ केबीपीएसचं एएसी, म्हणजे फाइल लहान करायला आवाजाचा काही भाग गाळून दाबलेलं, वर फेअरप्ले या अ‍ॅपलच्या कॉपीरोधक तंत्राचं कुलूप. ते सीडीवर घालायची मुभा होती, म्हणून लोक सीडी करत आणि तीच संगणकावर परत एमपीथ्री म्हणून घेत. कुलूप गेलं खरं, पण एकदा दाबलेला आवाज दुसऱ्यांदा दाबला गेला. झांजेचा नाद, टाळ्या यांत ते लगेच कानाला जाणवतं. सोनार दागिना आटवताना ‘घट’ धरतो, तोच शब्द इथे वापरा: ‘या बदलात घट येते’. पुढे एमपीथ्रीचं फ्लॅक केलं तरी गेलेलं परत येत नाही, फाइल तेवढी फुगते. हे वाक्य मार्गदर्शिकेत ठळक छापा, कारण पुष्कळ लोक नेमकं हेच करतात.

तळटीप: आणि मिनिडिस्क?

पेटीवाला: तिथे ‘भरून घेणे’. कॅसेटच्या काळातला आपलाच शब्द. सोनीनं मिनिडिस्क १९९२ साली आणली, आवाज एट्रॅक या सोनीच्याच फॉरमॅटमध्ये. पुढच्या नेटएमडी नावाच्या मिनिडिस्क यंत्रांना यूएसबी होतं, पण गाणी संगणकावरून डिस्कवर जायची. माइक लावून स्वतः मुद्रित केलेलं त्याच वाटेनं परत येत नसे. आजीच्या जात्यावरच्या ओव्या असल्या तरी तेच! मग हेडफोनच्या भोकातून वायर संगणकाच्या लाइन-इनमध्ये घालायची आणि ७४ मिनिटांची डिस्क ७४ मिनिटं वाजवायची. जुन्या डिस्कांवरचं ध्वनिमुद्रण यूएसबीवरून उतरवता आलं ते सोनीच्या २००६ च्या एमझेड-आरएच१ या मिनिडिस्क यंत्रामुळे. असं यंत्र कुणाकडे मिळालं तर आधी तेच वापरा, असं जरूर लिहा.

टाकसाळ: एक शब्द मात्र जपून. ‘कुलूप फोडणे’ लिहू नका, ‘काढणे’ लिहा. २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात कलम ६५ए आलं. हक्कांचं उल्लंघन करण्याच्या हेतूनं संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. सगळा भार हेतूवर आहे, आणि ‘फोडणे’ म्हटलं की चोरीचा हेतू आपणच वाचकाच्या माथी मारतो. परदेशातल्या वाचकांना तिथला कायदा वेगळा लागू होईल, हेही सांगा. डीएसएसचा प्रश्न त्यातला नाही. साध्या डीएसएस फाइलीवर कुलूप नसतं, ती उघडणारे प्रोग्राम मोजके असतात इतकंच. तिथे ‘वेव्ह करून ठेवा’ एवढं लिहिलं तरी पुरे.