मदत हवी आहे: पांगाऱ्याच्या लूरचा रंग फुगतो, वरचा थर पांढुरका राहतो, लूर उजवीकडेच पळतो

चिकोडीकाठ

नमस्कार मंडळी. मरळ पकडायला घरी लाकडी लूर, म्हणजे ओढला की माशासारखा पोहणारा नकली मासा, करतोय. तीन ठिकाणी अडलंय. आधी सगळी कृती सांगतो, म्हणजे बिघाड कुठे आहे ते तुम्हाला दिसेल.

लाकूड पांगाऱ्याचं, सावलीत वाळवलेलं. अंग ७ सेंमी लांब, २ सेंमी उंच, १.४ सेंमी जाड. कोरून, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर मारून झाला की फेविकॉलमध्ये पाणी घालून दोन हात देतो. नाकाला, पोटाला आणि शेपटीला छोटे स्क्रू-आय (डोक्याला कडी असलेले स्क्रू) पिळून बसवतो. ओठ, म्हणजे तोंडाखाली पुढे निघालेली पट्टी, १.५ मिमी पॉलिकार्बोनेटचा (कडक पारदर्शक प्लास्टिक). त्याची खाच अंग कोरून झाल्यावर करवतीने पाडतो. पोटात ६ मिमीच्या ड्रिलने ८ मिमी खोल भोक पाडून त्यात शिसं ठोकतो. मग पांढरा रंग, वर अ‍ॅक्रिलिक, आणि शेवटी दोन भाग मिसळून करायचा इपॉक्सी गोंद, अ‍ॅरल्डाइट स्टँडर्ड. सोनाराच्या काट्यावर रेझिन ५ ग्रॅम आणि हार्डनर ५ ग्रॅम मोजून घेतो.

१) तासभर पाण्यात चालवला की ओठाच्या मुळाशी आणि पोटाच्या हुकाभोवती रंग फुगतो, नखाने पापुद्रा निघतो.
२) वरचा थर पांढुरका आणि थोडा चिकट राहतो. पावसाळ्यात जास्तच.
३) लूर ओढताना माझ्या उजव्या हाताला पळतो. जोरात ओढला तर आडवा होऊन वर येतो.

लाकूड बदलू की वरचा थर? गाड्यांना मारतात तो टू-के क्लिअर कसा राहील?

उद्यमबाग_फिटर

दुसऱ्या नंबरचं आधी सांगतो, कारण ते तुमच्या काट्यातच आहे. अ‍ॅरल्डाइट स्टँडर्डचं समसमान प्रमाण हे आकारमानाचं असतं, वजनाचं नाही. ट्यूबमधून सारख्या लांबीच्या दोन रेघा काढायच्या, किंवा दोन सारख्या सिरिंजांनी मोजायचं. काट्यावरच घ्यायचं असेल तर १० ग्रॅम रेझिनला ८ ग्रॅम हार्डनर. तुम्ही पाचाला पाच घेता, म्हणजे हार्डनर चौथाईने जास्त. जास्तीचा हार्डनर सुटा राहतो, थर मऊ पडतो, आणि तोच वर येऊन हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरून मेणासारखा पांढुरका पापुद्रा करतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे हवेत पाणीच असतं, त्यामुळे तेव्हा जास्त दिसणारच.

आत्ता जे लूर पांढुरके झालेत ते फेकू नका. कोमट पाणी आणि भांडी घासायच्या स्पंजने तो मेणट थर धुवा. थिनरने पुसू नका, थिनर तो थर नुसता पसरवतो आणि पॉलिकार्बोनेटच्या ओठाला बारीक तडे पाडतो. धुऊन वाळला की ४०० नंबरने हलका घासा आणि बरोबर प्रमाणाचा एक पातळ थर द्या. नखाची खूण उमटण्याइतका मऊ राहिला असेल तर मात्र खरवडूनच काढावा लागेल, मऊ थरावर कडक थर टिकत नाही.

मिसळताना दोन-तीन मिनिटं घोटा, मग ते मिश्रण दुसऱ्या कोऱ्या झाकणात ओतून पुन्हा घोटा. पहिल्या झाकणाच्या कडेला न मिसळलेला माल राहतो, आणि अंगावर मधेच चिकट डाग पडतात ते त्याचेच. दाट वाटलं तर ट्यूबा कोमट पाण्यात ठेवा. स्पिरिट घालून पातळ करू नका.

वाळवायला खोक्यात ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब पुरतो. ३० ते ३५ अंश ऊब राहिली की झालं, त्याहून गरम नको. लूर फिरता ठेवायला मायक्रोवेव्हच्या ताटलीखालची मोटर भंगारात मिळते, मिनिटाला पाच-सहा फेरे, एवढा वेग नेमका हवा. फक्त ती २२० व्होल्टची आहे का बघून घ्या, आणि जोड नीट झाका.

खानापूरकडचा

लाकूड बदलायची काही गरज नाही. सावंतवाडीची खेळणी पूर्वी पांगाऱ्याचीच करायचे. हलकं, कोरायला मऊ, लूर चपळ चालतो. पण ते पाणी पितंय, आणि तुम्ही त्याला दार उघडं ठेवलंय.

फेविकॉल पाण्यात पुन्हा मऊ होतो. तो सील नव्हे. त्यात स्क्रू-आय पिळताना धाग्यांच्या मधून बारीक वाट राहते, आणि ओठाची खाच तर आत कोरी लाकडाचीच. पाणी तिथून शिरतं, लाकूड फुगतं, वरचा कडक थर फुगू शकत नाही, म्हणून तो सुटतो. रंगाचा यात काही दोष नाही.

क्रम असा लावा. ठोकळा चौकोनी असतानाच चारी बाजूंनी मध्यरेषा मारा आणि ओठाची खाच, पोटाचं भोक, तारेची वाट हे सगळं तेव्हाच पाडा. गोल कोरलेल्या अंगात सरळ खाच पडत नाही, तुमच्या तिसऱ्या अडचणीचं मूळ बहुतेक इथेच आहे. ओठाच्या १.५ मिमीच्या पत्र्याला हॅकसॉची दोन पाती शेजारी शेजारी टेपने बांधून चालवा, खाच जवळपास मापात येते.

स्क्रू-आय सोडा. पांगाऱ्यात ते मरळीच्या एका पिळाने निघून येतील. ०.९ मिमी स्टेनलेस तार नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध घाला, त्यासाठी पोटाकडून सरळ चीर पाडावी लागते. पोटाच्या हुकाचा फासा त्याच तारेला वळवून काढा. हे जमत नसेल तर तार दुमडून, पीळ देऊन ३ सेंमीचे फासे करा आणि अ‍ॅरल्डाइट भरलेल्या भोकात बसवा.

तार आणि शिसं बसवायच्या आधी सगळ्या भोकांत, खाचेत काडीने पातळ, कोमट केलेलं रेझिन फिरवा, बाहेरूनही एक हात पुसून घ्या. हे काम संध्याकाळी करा. हवा गार होत जाताना लाकडातली हवा आकसते आणि रेझिन आत ओढते. सकाळी केलं तर दिवस तापेल तशी हवा बाहेर येते आणि थरात बुडबुडे उठतात.

मग रंगाआधी एक चाचणी: हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्यात लूर बुडवून धरा. जिथून फुगे येतील तिथे सील राहिलंय. तेवढंच पुन्हा भरा.

निपाणी_गळ

चपडा (लाखेचे पापुद्रे) कुणी सांगितला नाही? १०० ग्रॅम चपडा अर्धा लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवायचा, अंग त्यात फुगे थांबेपर्यंत बुडवायचं. तासाभरात पेपर मारता येतो. रेझिनसाठी दिवस घालवायला नको.

खानापूरकडचा

चपडा पहिला हात म्हणून चांगला, लाकडाचे केस उभे राहतात ते बसवतो. पण एकटा चपडा पाण्यात पांढरा पडतो. वर रेझिन हवंच. आणि पावसात चपडा मारताना तो वाळतानाच पांढरट झाला तर उबेत ठेवून पुन्हा मारा.

हिडकलवाला

आता पळण्याचं बघू. लूर नाकाने तुमच्याकडे तोंड करून हातात धरा. तो उजव्या हाताला पळत असेल तर नाकाचा फासा पक्कडीने किंचित डावीकडे वाकवा. किंचित म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसेल एवढंच, मग पाण्यात बघा. एकदम वाकवला तर दुसरीकडे पळेल आणि फाशाच्या मुळाचं सील तुटेल.

पण त्याआधी समोरून बघा: ओठ आडवा सरळ आहे का, नाकाचा फासा आणि पोटाचा फासा मध्यरेषेवर आहेत का. ओठच तिरका असेल तर फासा वाकवून लूर हळू ओढीला सरळ चालेल, वेग वाढला की पुन्हा पळेल. त्याला औषध एकच, ओठ काढून नवा बसवणे.

आडवा होऊन वर येतो तो वजनाचा आणि ओठाचा प्रश्न. ६ मिमी रुंद, ८ मिमी खोल भोक शिशाने पूर्ण भरलं तर साधारण अडीच ग्रॅम होतं. पांगाऱ्याच्या एवढ्या अंगाला ते काठावरचं आहे. त्यात शिसं ठोकून बसवलंय म्हणजे मधे पोकळी असणार, वजन आणखी कमी. भोक १० मिमी खोल करा, म्हणजे ३ ग्रॅमच्या पुढे जाल. पागाच्या (फेकायच्या) जाळ्याचे शिशाचे मणी कापून घ्या आणि रेझिनमध्ये बसवा. वितळलेलं शिसं लाकडात ओतू नका, थोडा ओलावा असला तरी ते उडतं. जागा ओठ आणि पोटाचा हुक यांच्या मधली, पोटाच्या जितकी तळाशी तितकी बरी.

आकडा पाठ करण्यात अर्थ नाही, पांगाऱ्याचे दोन ठोकळे सारख्या वजनाचे निघत नाहीत. रंगाआधी हुक, रिंगा, ओठ टेपने तात्पुरते लावून बादलीत सोडा. पाठ वर, अंग आडवं, हाताने लोळवलं तर लगेच सरळ व्हायला हवं. सावकाश सरळ होत असेल तर शिसं वाढवा.

आणि ओठ किती मोठा आहे ते तुम्ही लिहिलंच नाही. मरळीसाठी उथळच हवा. या अंगाला १६ मिमी रुंद आणि बाहेर १२ मिमी पुरे, खाली बराच झुकलेला. लांब, सपाट ओठ खोल नेतो आणि शेवाळात अडकतो. पाण्याचा दाब वाढला की लूर उलटवतोही तोच.

चिकोडीकाठ

ओठ २२ मिमी बाहेर आहे. म्हणजे तिथंही घोळ. काटा आजच बाजूला ठेवतो.

आणखी दोन गोष्टी विचारतो. एअरब्रश नाही, खवले कसे उठवायचे? आणि ओठ नक्की कधी चिकटवायचा, रंगाआधी की नंतर?

उद्यमबाग_फिटर

ओठ रंगानंतर, शेवटच्या थराच्या आधी. खाचेत जाणारा भाग पेपरने खरबरीत करा आणि त्यात २ मिमीची दोन भोकं पाडा, रेझिन त्यातून आरपार जाऊन खिळ्यासारखं धरतं. पत्र्यावरची संरक्षक फिल्म बाहेरच्या भागावर तशीच राहू द्या. शेवटचा थर ओठाच्या मुळावर दोन मिलिमीटर चढवा, थर घट्ट व्हायच्या आत फिल्म मुळाशी ब्लेडने कापून सोला. खाचेत रंग गेला असेल तर आधी खरवडा.

टू-के क्लिअरबद्दल: पातळ, चकचकीत, पिवळा न पडणारा, सगळं खरं. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं विषारी रसायन असतं, साध्या कापडी मास्कने ते थांबत नाही. घरात तर अजिबात नको.

निपाणी_गळ

खवल्यांसाठी नेटचं कापड, ओढणीला लावतात तसलं, बेळगावच्या खडे बाजारात कुठेही मिळेल. पांढऱ्यावर आधी पोटाचा फिका रंग देऊन पूर्ण वाळवा. मग नेट अंगाला ताणून गुंडाळा आणि पोटाखाली कपड्याच्या चिमट्यांनी पकडा. सुरकुती राहिली तर तिथे खवले नाही, डाग पडतो. गडद रंग स्प्रे कॅनने २०-२५ सेंमीवरून दोन हलके फवारे. कॅन नसेल तर भांड्याच्या स्पंजचा तुकडा जवळजवळ कोरडा करून टिपत जा. हाताला लागेनासा झाला की नेट सरळ वर उचला, ओढू नका.

चिलापी (तिलापिया) माशासारखा हवा असेल तर पाठ शेवाळी, बाजू राखाडी आणि सहा-सात उभे काळसर पट्टे. पट्टे नेट काढल्यावर मारा. कृष्णेच्या गढूळ पाण्यात ही सगळी कलाकुसर माशाला दिसणार नाही, तिथे पोपटी अंग आणि काळी पाठ एवढंच करा. लोक रंगावर फार जीव टाकतात आणि चालीकडे बघत नाहीत, असं माझं मत.

अ‍ॅक्रिलिक हाताला सुका लागला तरी आत ओला असतो. पावसाळ्यात किमान दोन दिवस थांबा, नाहीतर वरच्या थराखाली पुन्हा दूध दिसेल आणि तुम्ही हार्डनरला शिव्या घालाल. कशाला घाई करालासा?

एक राहिलं. रंगलेल्या अंगाला बोटं लावू नका. तेलकट ठसा असेल तिथून रेझिन मागे सरतं आणि माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. तारेला धरून काम करा.

हिडकलवाला

आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यात जाणार असाल तर भीमगड अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकायला बंदी आहे. धरणांवर मासेमारीचा ठेका दिलेला असतो, तिथे आधी परवानगी विचारून घ्या.

चिकोडीकाठ

जुने तीन लूर धुऊन बघितले, दोनांवरचा थर कडक आहे, एक मऊ. मऊ झालेल्याचं शिसं आणि ओठ काढून परत वापरता येईल का?

उद्यमबाग_फिटर

शिसं हो. ओठ नाही. तो काढायला मुळाशी गरम करावं लागतं, त्यात कडा वाकते, आणि खरबरीत केलेला भाग जुन्या रेझिनने भरलेला असतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये पॉलिकार्बोनेटचे कापलेले तुकडे मागून बघा, तळहाताएवढ्या एका तुकड्यात दहाच्या वर ओठ निघतात. शिशाला हात लावल्यावर साबणाने धुवा, आणि त्याला पेपर मारायचाच असेल तर पाणी लावून मारा, धूळ उडता कामा नये.