'सेकंड-क्लास सिटिझन'चा मराठी अनुवाद : 'ब्लॅक', 'कलर्ड' आणि 'अहो' यांचं काय करायचं?

रानवारा

नायजेरियन लेखिका बुची एमेचेटा यांची 'सेकंड-क्लास सिटिझन' (१९७४) ही कादंबरी मराठीत आणायचं काम सुरू आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नायिका आदा नायजेरियातल्या लागोसमध्ये वाढलेली, इग्बो समाजातली मुलगी. हट्टानं शिकते, अमेरिकन वकिलातीच्या ग्रंथालयात चांगल्या पगारावर लागते, त्याच पगारातून नवऱ्याला, फ्रान्सिसला, लंडनला शिकायला पाठवते आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला दोन मुलांना घेऊन बोटीनं इंग्लंड गाठते. लागोसला घरात नोकरचाकर, आणि लंडनला सगळ्यांना मिळून एक खोली. नवरा पहिल्याच भेटीत बजावतो की इथं आपण दुय्यम नागरिक आहोत.

अडलंय ते असं. 'ब्लॅक' आणि 'कलर्ड' हे दोन्ही शब्द कादंबरीत येतात आणि ते एकाच अर्थाचे नाहीत. काळी, सावळी, कृष्णवर्णीय, निग्रो, हबशी यांतलं काय कुठं वापरावं? दुसरं, आदानं फ्रान्सिसला 'तू' म्हणावं की 'अहो, तुम्ही'? इंग्रजीत एकाच 'यू'वर भागतं. शिवाय पैसे, खोल्या, शेगड्या असला त्या काळचा संसार आहेच. तळटीपा कमीत कमी ठेवायच्या आहेत.

जुनी_वही

आधी काय वापरू नये ते सांगतो.

'सावळी' कुठंही नको. मराठीत सावळा, गव्हाळ, निमगोरा हे शब्द लग्नाच्या जाहिरातीतले. एकाच घरातल्या दोन बहिणींमधला फरक त्यांनी सांगता येतो. आदाला खोली नाकारली जाते ती अशा छटेवरून नाही. 'सावळी' लिहिलंत की वाचक तिला मनातल्या मनात स्थळ म्हणून तपासायला लागेल आणि प्रसंगातला वंशाचा काटाच मोडेल.

'हबशी'ही नको. त्या शब्दामागं आपला वेगळा इतिहास आहे, मलिक अंबरचा, जंजिऱ्याच्या सिद्दीचा. मुळात तो अॅबिसिनियाकडच्या लोकांसाठीचा शब्द. आदा पश्चिम आफ्रिकेतली, दोन्ही प्रदेशांत अख्खं खंड पसरलेलं आहे. आणि आज तो शब्द रस्त्यावर शिवीसारखा फेकला जातो. 'निग्रो' जुन्या मराठी पुस्तकांत सर्रास सापडेल, पण मूळ इंग्रजीत जिथं तोच शब्द असेल तिथंच ठेवा.

आता मुख्य मुद्दा. 'ब्लॅक'साठी 'काळा, काळी' हा एकच शब्द घ्या आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बदलू नका. जीभ अडखळेल, तरीही. कारण या कादंबरीत त्या शब्दाचं वजन बदलत जातं. सुरुवातीला तो लाज आणतो. पुढं लंडनच्या ग्रंथालयात बिल नावाचा कॅनेडियन सहकारी आदाला जेम्स बाल्डविन हा अमेरिकेतला काळा लेखक वाचायला लावतो आणि काळं असणं सुंदर आहे हे तिला पटायला लागतं. अपमानाच्या जागी 'काळी' आणि अभिमानाच्या जागी 'कृष्णवर्णीय' लिहिलंत तर तिनं शब्द जिंकून घेतला हे वाचकाला कळणारच नाही. जो शब्द तिला टोचत होता तोच तिनं कमावलेला दिसला पाहिजे. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन, आणि त्या पिढीनं लाजेचे शब्दच मान वर करून कवितेत आणले. मराठी वाचकाला ही चाल नवी नाही. त्याच्यावर भरवसा ठेवा.

'कलर्ड' मात्र वेगळा ठेवा. त्या काळच्या इंग्लंडमध्ये तो सभ्य शब्द समजला जाई. त्यासाठी 'कृष्णवर्णीय' चालेल, कारण मराठीतही तो वर्तमानपत्री आणि सभ्य आहे. घरमालकांच्या पाटीला तर मराठीत तयार शब्द आहे : 'क्षमस्व! कृष्णवर्णीयांना जागा नाही.' गोड बोलून दार लावणं 'क्षमस्व'मध्ये जसं उतरतं तसं 'माफ करा'मध्ये उतरत नाही.

आणखी एक खड्डा आहे. 'रेस' म्हणजे वंश. 'वर्णद्वेष' रूढ आहे, तो वापरा. पण नुसतं 'वर्ण' लिहिलं की आपल्याकडचा वाचक चातुर्वर्ण्याकडे वळतो. तसंच इग्बो, योरुबा या नायजेरियातल्या समाजांना 'जात' म्हणू नका. 'इग्बो लोक', 'योरुबा लोक' पुरेसं आहे.

तिठा

जुनी_वही यांच्याशी बहुतेक सहमत. पाटीबद्दल मात्र नाही.

त्या पाटीवरच्या 'कलर्ड'मध्ये फक्त आफ्रिकन येत नव्हते. वेस्ट इंडीजचे येत, पाकिस्तानी येत आणि भारतीयही येत. त्या वर्षांत लंडनला शिकायला गेलेला पुण्या-मुंबईचा मुलगाही त्याच पाटीपुढं उभा होता. 'कृष्णवर्णीयांना जागा नाही' असं लिहिलंत की मराठी वाचक सुटकेचा श्वास सोडतो, हे आपल्याबद्दल नाही म्हणतो. तो असा सुटता कामा नये. पाटीवर 'क्षमस्व! गोऱ्यांखेरीज कोणालाही जागा नाही' असं असावं. एखादी घरमालकीण समोर उभ्या आदाकडे बघून तोच शब्द वापरते तिथं 'कृष्णवर्णीय' ठीक. एका इंग्रजी शब्दाला दोन मराठी शब्द झाले तरी बिघडत नाही, पाटी सगळ्यांसाठी होती आणि बोलणं तिच्याशी आहे.

कायद्याचंही भान ठेवा. ब्रिटनचा पहिला वंशसंबंध कायदा १९६५चा. तो हॉटेलं, थिएटरं, वाहनं अशा सार्वजनिक जागांपुरता होता. घरं आणि नोकऱ्या त्यात आल्या त्या १९६८च्या कायद्यानं. म्हणजे आदा खोली शोधते तेव्हा ती पाटी कायद्याला धरून होती. अनुवादात 'बेकायदा', 'चोरून', 'आडून' असे शब्द नकळत शिरतात, कारण आपण आजच्या नजरेनं वाचतो. ते येऊ देऊ नका.

फोनचा प्रसंग सगळ्यात जपून करा. खोलीसाठी फोन करताना आदा नाक चिमटीत धरते, आवाज चपटा करते, म्हणजे पलीकडच्या बाईला आपण आफ्रिकन आहोत हे कळू नये. खोली रिकामी असल्याचं कळतं. मग रात्री नवरा-बायको तिथं जातात, दार उघडतं आणि मालकिणीच्या तोंडून शब्दच फुटत नाही. इथं मोह होतो तो आदाच्या नेहमीच्या बोलण्याला वऱ्हाडी किंवा मालवणी वळण द्यायचा आणि फोनवर प्रमाण मराठी घालायचा. तसं करू नका. आदा शिकलेली आहे, तिचं इंग्रजी शुद्ध आहे, फरक फक्त उच्चारात आहे. बोली घातलीत की ती अडाणी वाटेल आणि दोष तिच्या भाषेचा ठरेल. नाक दाबलेली बोटं दाखवा, वाक्य सरळ ठेवा.

माजघर

संसाराचं माझ्याकडे.

ब्रिटिश 'पॅराफिन' म्हणजे आपलं रॉकेल. मेणबत्तीचं पॅराफिन नव्हे. त्या काळच्या लंडनच्या खोलीत पॅराफिनचा हीटर आला की 'रॉकेलची शेगडी' लिहा. लगेच वास येतो, भिंतींना ओल येते, मुलं जवळ गेली की धास्ती वाटते, हे सगळं मराठी वाचकाला न सांगता कळतं. 'मेणाचा हीटर' असं काही झालं तर पुढचं सगळं फसलं.

भाड्याच्या खोल्यांत गॅसला नाणं टाकायचा मीटर असे. शिलिंग टाकलं की गॅस सुरू, संपला की बंद. 'मीटर' एवढंच लिहिलंत तर वाचकाला महिन्याचं बिल आठवेल. 'नाण्याचा मीटर' लिहा, टीप लागणार नाही.

पैसे : १ पौंड म्हणजे २० शिलिंग, १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. शंभराची पद्धत तिकडं १५ फेब्रुवारी १९७१ला आली, कादंबरीचा काळ त्याआधीचा. शिलिंगचे 'आणे' करू नका. वाचकाला अंदाज हवाच असेल तर मनोगतात एक ओळ द्या, की जून १९६६पर्यंत रुपयाचा दर दीड शिलिंग होता, म्हणजे पौंडाला सुमारे १३ रुपये ३३ पैसे. मजकुरात रुपये कुठंही नकोत.

मुलांसाठी दोन वेगळे शब्द लागतील. 'नर्सरी' म्हणजे पाळणाघर. 'चाइल्ड-माइंडर' म्हणजे स्वतःच्या घरी दुसऱ्यांची मुलं सांभाळणारी बाई. इंग्लंडमध्ये १९४८च्या कायद्याप्रमाणे तेव्हा अशा बाईला स्थानिक कौन्सिलकडे नाव नोंदवावं लागे. आदा ट्रूडीकडे मुलं ठेवते तेव्हा तिचा त्या नोंदणीवर विश्वास असतो. नंतर मुलं मागच्या अंगणात कचऱ्यात खेळताना सापडतात. म्हणून 'आया' किंवा 'दाई' नको. 'नोंदणी असलेली सांभाळणारी' थोडं लांब आहे, पण फसवणूक त्या 'नोंदणी'तच आहे. तो शब्द गाळला तर आदा फक्त बेफिकीर आई दिसते.

मजल्यांची काळजी नको. ब्रिटिश मोजणी आपल्यासारखीच, तळमजला आणि मग पहिला.

रानवारा

खूप उपयोगी. 'नोंदणी' मी खरंच गाळली होती, परत घेते. पाटीला तिठा यांचं वाक्य घेते. पण 'अहो'बद्दल कोणीच बोललं नाही. माझा बेत असा : आधी 'तुम्ही', आणि फ्रान्सिस तिनं लिहिलेल्या कादंबरीचं हस्तलिखित जाळतो त्यानंतर 'तू'. तिचा आदर तिथं संपतो, तो असा दिसेल.

पोफळी

बेत मोहात पाडणारा आहे, पण तो करू नये असं मनापासून वाटतं.

एक तर मूळ भाषेकडे बघा. आदा आणि फ्रान्सिस दोघं इग्बो. इग्बोत आदरार्थी 'तुम्ही' वेगळं नाही. योरुबात आहे, पण ती लागोसची भाषा, त्या दोघांची मूळ भाषा नव्हे. म्हणजे नवऱ्याला 'तू' हे त्यांच्या घरात बंड नाही, साधं बोलणं आहे.

दुसरं, 'अहो' आला की मराठी नवरा-बायकोचं अख्खं नातं मागून येतं. नाव न घेणं, डोळ्याला डोळा न देणं. आदा तशी नाही. घर तिच्या पगारावर चालतं, आणि ती दबते ती सासरच्या लोकांमुळे, मुलांमुळे, परक्या गावात एकटी पडल्यामुळे. 'अहो'नं ती दबण्याची कारणं झाकली जातील आणि सगळं 'बायकांचं असंच असतं'मध्ये जाऊन बसेल.

तिसरं, एमेचेटांनी तो कडेलोट सर्वनामात ठेवलेला नाही. हस्तलिखित जळतं तेव्हा आदा ते आपलं मूल होतं असं मानते. त्या जागी तुमचं 'तू' चमकलं तर वाचकाचं लक्ष जळणाऱ्या कागदांवरून हटेल. 'तू' पहिल्यापासून ठेवा, वाक्यं आखूड होत जाऊ द्या. सासू-सासऱ्यांना, ग्रंथालयातल्या वरिष्ठांना, घरमालकिणींना 'तुम्ही'. आणि मालकिणींनीही तिला 'तुम्ही'च म्हणावं. नकार सभ्यच होता, तेच तर त्यातलं भयंकर आहे.

आदाच्या मुलीच्या, टिटीच्या प्रसंगाकडेही बघा, तो तुम्ही विचारलेला नाही पण अडणार नक्की. टिटी बोलायची बंद होते. मुलीनं इंग्रजीच बोलावं म्हणून बाप पट्ट्याचा धाक घालतो, ती योरुबात सांगते की योरुबा बोलले तर मार बसेल आणि इंग्रजी मला फारसं येत नाही. मराठीत दोन्ही भाषा मराठीच होणार. तिरप्या टायपानं भागत नाही, मोठ्यानं वाचताना तो ऐकू येत नाही. तिचं योरुबा बोलणं घरगुती, पूर्ण वाक्यांत करा : 'बाबा पट्ट्यानं मारतील.' इंग्रजी जिथं येईल तिथं सुटे, तुटके शब्द : 'नो', 'येस', 'थँक यू'. ते देवनागरीत तसेच राहू द्या. मुलीची जीभ कुठं मोकळी आहे ते आपोआप दिसेल.

तिठा

हक्कांचं विसरू नका. लेखिका २०१७मध्ये गेल्या. आपल्या कायद्याप्रमाणे मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे २०७७ संपेपर्यंत परवानगी लागणार. तुमच्या प्रतीच्या हक्कांच्या पानावर जो प्रकाशक असेल त्याच्या हक्क विभागाला लिहा. पत्रात मराठी भाषेचे हक्क, छापील की ईबुकसुद्धा, किती वर्षांसाठी आणि पहिली आवृत्ती किती प्रतींची, हे चारही स्पष्ट मागा. मराठी प्रकाशक आधी ठरलेला असेल तर उत्तर लवकर येतं, कारण करार बहुतेक वेळा प्रकाशकाशीच करतात. पूर्ण अनुवाद करून मग विचारायला जाऊ नका. १५-२० पानांचा नमुना पुरतो.

रानवारा

'तू' ठरलं. नमुन्यासाठी फोनचा प्रसंग आणि ट्रूडीचं अंगण घेते. एकच राहिलं : नाव 'आदा' लिहू की 'आडा'? इंग्रजी स्पेलिंग बघून दोन जणांनी 'आडा' सुचवलं.

पोफळी

'आदा'च. इग्बोत त्याचा अर्थ घरातली थोरली मुलगी. आणि विभक्ती लावून बघा : 'आडाला', 'आडात', 'आडाजवळ'. प्रत्येक वेळी वाचक विहिरीत डोकावेल. 'आदाला', 'आदाजवळ' यात काही अडत नाही. तिच्या भावाचं 'बॉय' हे नाव मात्र तसंच ठेवा, 'मुलगा' करू नका. घरात मुलगा हवा होता तेव्हा ही जन्मली, हे त्या दोन नावांच्या शेजारात आहे.