मोठा फॉर्म किती स्टेपमध्ये तोडावा? लोक मधेच सोडून जातायत

नवा_फ्रंटएंड
नमस्कार मंडळी, एका अर्जाचा फॉर्म करतोय, साठेक फील्ड आहेत. आधी सगळं एकाच पानावर होतं, आता ७ स्टेप केल्या, वर प्रोग्रेस बार टाकला, तरी चौथ्या स्टेपला बरेच जण गळतात. तिथे कागदपत्रांचे नंबर आणि अपलोड सुरू होतं. टीममध्ये वाद चाललाय, एक म्हणतो ७ च्या ४ करा, दुसरा म्हणतो अजून बारीक तुकडे करा. शिवाय सगळं भरेपर्यंत 'पुढे' बटण डिसेबल ठेवलंय, ते बरोबर आहे का?

कीबोर्डवाली
स्टेप मोजत बसू नका, चौथ्या स्टेपला माणूस नेमकं काय करतो ते शेजारी बसून बघा. मी अशाच एका फॉर्मच्या टेस्टिंगला बसले होते. एक बाई मोबाइलवर भरत होत्या, कागदाचा नंबर विचारला तशा उठून फाइल शोधायला गेल्या, बऱ्याच वेळाने आल्या, एकेक आकडा बघून नंबर टाकला, पुढे दाबलं आणि समोर लॉगिनचं पान. सेशन (लॉगिन टिकण्याची मुदत) संपलेलं, आधीच्या तिन्ही स्टेप गेल्या. त्या काही बोलल्या नाहीत, फोन फक्त बाजूला ठेवला. मला फार वाईट वाटलं, कारण तो फॉर्म मीच केला होता.

तेव्हापासून दर स्टेपला ड्राफ्ट सर्व्हरवर सेव्ह करते आणि कुठले कागद जवळ घेऊन बसायचं ते पहिल्याच पानावर लिहिते. सेशन संपवायचंच असेल तर आधी सांगा, डब्ल्यूसीएजीमध्ये (वेबसाइट अपंगांसकट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेले नियम) त्याचा नियमच आहे (क्रमांक २.२.१), वेळ संपण्याआधी सूचना द्या आणि वेळ एका साध्या क्लिकने वाढवून घ्यायला निदान २० सेकंद द्या.

पिक्सेलभाऊ
डिसेबल बटण काढाच. नक्की काय राहिलंय ते माणसाला कळत नाही, तो आपला वरखाली स्क्रोल करत बसतो. बटण चालू ठेवा, दाबल्यावर वर चुकांची यादी दाखवा, यादीतल्या ओळीवर क्लिक केलं की थेट त्या फील्डवर गेलं पाहिजे. आणि टाइप करतानाच लाल अक्षरं नकोत, ईमेलचं पहिलं अक्षर टाकलं की "ईमेल चुकीचा आहे" म्हणून ओरडणारे फॉर्म बघितले की चीड येते, अहो लिहू तरी द्या त्याला!

ब्राउझरचं बॅक बटणही तपासा. सातही स्टेप एकाच यूआरएलवर असतील तर बॅक दाबल्यावर माणूस फॉर्मच्या बाहेर पडतो, प्रत्येक स्टेपला स्वतःचा यूआरएल हवा. कागदपत्राच्या नंबराच्या फील्डला एचटीएमएलमधला 'टाइप नंबर' लावू नका, सुरुवातीचे शून्य उडू शकतात, साधं टेक्स्ट ठेवा आणि फक्त आकडेच असतील तर 'इनपुटमोड न्यूमेरिक' ही सेटिंग द्या, मोबाइलवर आकड्यांचा कीपॅड येतो.

साधंसोपं
तुकडे बारीक करायला माझा पाठिंबा. ब्रिटिश सरकारच्या डिझाइन सिस्टिममध्ये एका पानावर एकच गोष्ट विचारायची पद्धत आहे आणि शेवटी सगळी उत्तरं एकत्र दाखवणारं पान, प्रत्येक उत्तरापुढे 'बदला' लिंक. बदल करून झाला की थेट त्याच पानावर परत आणायचं, मधल्या स्टेप पुन्हा पार करायला लावायच्या नाहीत.

पण त्याआधी साठही प्रश्नांची यादी काढून प्रत्येकापुढे लिहा की हे उत्तर नंतर कोण वापरतं. नाव सापडलं नाही तर प्रश्न काढून टाका. एकदा घेतलेली माहिती पुन्हा विचारू नका, २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजीच्या २.२ आवृत्तीमध्ये याचाही नियम आहे.

नवा_फ्रंटएंड
आत्ताच बघितलं, आमचं सेशन १५ मिनिटांचं आहे आणि अपलोड चालू असताना ते वाढतही नाही, वाद घालण्याआधी हे बघायला हवं होतं. ड्राफ्ट लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे त्या माणसाच्या ब्राउझरमध्येच, ठेवला तर चालेल का, सर्व्हरचं काम वाचेल?

कीबोर्डवाली
नको. मोबाइलवर सुरू करून कॉम्प्युटरवर पुरं करणारे खूप असतात, त्यांना तो ड्राफ्ट दिसणारच नाही, आणि अनेकजण वापरतात त्या मशीनवर एकाची माहिती दुसऱ्याला दिसेल. सर्व्हरवरच ठेवा, आणि ड्राफ्ट किती दिवस राहील ते तिथेच तारखेसकट लिहा.