अनुभव धागा: खाऱ्या पाण्याच्या टँकला यूव्ही कसा जोडलात?

यूव्ही म्हणजे माशांच्या टँकचं पाणी ज्याच्यासमोरून फिरवून त्यातले परजीवी आणि शेवाळ मारतात तो अतिनील दिवा. कुठला घ्यावा यावर चर्चा भरपूर झाली. इथे फक्त जोडणीबद्दल लिहा: पाइप कुठून नेला, गळलं कुठे, फरक पडला का. सुरुवात माझ्यापासून.

ठाणे
मी रिटर्नच्या लाइनवर (संपमधून टँकमध्ये पाणी परत नेणारी) बसवला नाही, संपमध्ये, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत, वेगळा छोटा पंप टाकला. रिटर्नला जोर लागतो, तर पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीला मारायचं तर पाणी दिव्यासमोरून संथच जायला हवं. पंपाच्या खोक्यावरचा आकडा पाणी वर चढवायचं नसतानाचा असतो, त्यावर जाऊ नका. पाइपचं तोंड दहा लिटरच्या बादलीत सोडा. मिनिटात भरली तर ताशी ६०० लिटर.

नाशिक
आमचं सगळं घोडं पाइपापाशी अडलं. प्लंबर दादांनी शेतीचा ३२ मिमीचा पाइप आणला, फिटिंग एक इंची यूपीव्हीसीची. एक इंची पाइप बाहेरून ३३.४ मिमी भरतो. "बसतंय की ताई, सोल्युशन (पाइप चिकटवायचं) जास्त लावतो." मी परत पाठवलं. यूव्हीच्या दोन्ही बाजूंना युनियन (पाइप न कापता खोलता येणारा जोड) आणि बॉल व्हॉल्व लावून घेतले, तेही प्लास्टिकचेच. पितळेत तांबं असतं, कोळंबी आणि कोरल दोघांनाही ते विष. सोल्युशन दिवसभर वाळू दिलं, मगच पाणी सोडलं.

मडगाव
उभा बसवलाय. पाणी खालून आत, वरून बाहेर, म्हणजे हवा अडकत नाही. इथे वीज सारखी जाते-येते, आणि परत आल्यावर पंप कधी हवा धरतो. तेव्हा दिवा आत पाणी फिरत नसताना तापत बसतो. एकाच स्विचवर दोन्ही असून भागत नाही, म्हणून वीज आली की आधी पाण्याची धार बघायची हा घरचा नियम. सॉकेटला आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आहेच.

पुणे
थोडा विरोधी सूर. माझ्या वाळूवर तपकिरी डायनो (डायनोफ्लॅजेलेट, सूक्ष्म एकपेशीय जीव) होते, अँफिडिनियम जातीचे. यूव्हीने त्यांचं काहीही वाकडं झालं नाही, कारण ते वाळू सोडून पाण्यात येतच नाहीत. ऑस्ट्रिऑप्सिस जातीचे डायनो रात्री पाण्यात तरंगतात, तिथे उपयोग होतो म्हणे. आधी मायक्रोस्कोपखाली बघा, मग खर्च करा. आणि नवीन मासा क्वारंटाइन न करता (आधी वेगळ्या टँकमध्ये न ठेवता) टाकायला यूव्ही हे निमित्त नव्हे.

ठाणे
@पुणे, मान्य. ठिपक्यांच्या परजीवीच्या गाठीही वाळूत नाहीतर दगडावरच असतात. यूव्हीने जोर कमी होतो, नायनाट नाही.

डोंबिवली
दिवा निळा दिसतो म्हणून चालू आहे असं समजू नका. २५४ नॅनोमीटरचे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि वर्षभरात ते बरेच उतरतात. दिवा बाहेर काढून पेटवून बघणं तर नकोच, डोळ्यांना इजा होईल. दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झच्या नळीवर पांढरा थर चढतो, तो व्हिनेगरमध्ये भिजवला की निघतो. दोन व्हॉल्वच्या मध्ये, सगळ्यात खाली एक ड्रेनचा नळही काढून ठेवलाय. खालच्या मजल्यावरच्या काकू आता दारात येत नाहीत.