मुलाखतीत स्वतःची उणीव खरी सांगायची, तर ती कशी सांगावी?

नोंदवही:
अकाउंट्समध्ये चार वर्षं काम करते आहे. गेल्या दोन महिन्यांत तीन मुलाखती झाल्या. कामाचे प्रश्न तिन्हीकडे नीट गेले, पण "तुमच्यातली एखादी उणीव सांगा" इथे आले की गाडी अडते. पहिल्या दोन ठिकाणी "मला सगळं अगदी परफेक्ट लागतं" असं सांगितलं. दुसऱ्या वेळी समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "त्यामुळे शेवटचं नुकसान कधी झालं?" मला एकही प्रसंग सांगता आला नाही, कारण तसं काही नव्हतंच. तिसऱ्या ठिकाणी ठरवून खरं बोलले, "मला मदत मागायला जड जातं." एवढंच बोलून थांबले. खोलीत शांतता पसरली आणि पुढचा प्रश्न थेट नोटीस पिरियडचा आला.

ही उणीव मात्र खरी आहे. पुढच्या गुरुवारी चौथी मुलाखत आहे. खरं सांगायचं, पण स्वतःच्या पायावर धोंडा न मारता, हे कसं जमवायचं?

जुना उमेदवार:
माझा अनुभव कडू आहे. चार लोकांसमोर बोलताना माझा आवाज कापतो, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. पद ग्राहकांसमोर सादरीकरण करण्याचं होतं. तिथेच विषय संपला. तेव्हापासून मी खरं सांगत नाही.

चौथी खुर्ची:
मी अकरा वर्षं मुलाखती घेते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जुना उमेदवार, तुमचं नुकसान खरेपणामुळे झालं असं मला वाटत नाही. जे काम त्या पदाचा कणाच होतं, तेच जमत नाही असं तुम्ही सांगितलंत, आणि मग तुमच्याबद्दल कितीही चांगलं मत झालं तरी आमचे हात बांधलेले असतात. खऱ्या उणिवा प्रत्येकात पाच-सहा तरी असतात. त्यांतली कोणती सांगायची हे निवडणं म्हणजे खोटेपणा नव्हे.

नोंदवही, "परफेक्ट लागतं" हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्या रकान्यात लिहायला काहीच उरत नाही. तुम्हाला विचारलेला प्रश्न मीही विचारते: शेवटचं कधी? उणीव खरी असेल तर माणूस क्षणभर अडखळतो आणि मग एक दिवस, एक फाइल, एक चिडलेला सहकारी आठवतो. खोटी असेल तर "नेहमीच", "बऱ्याचदा" असे शब्द येतात. आम्हाला एवढंच पाहायचं असतं की या माणसाला आपली चूक दिसते का, आणि ती दिसल्यावर तो काय करतो.

तुमचं तिसरं उत्तर चांगलं होतं, फक्त ते अर्ध्यावर सोडलंत. नुसतं "मदत मागायला जड जातं" ऐकलं की माझ्या मनात येतं, ही महिनाअखेरीला अडकून बसेल आणि मला शेवटच्या दिवशी कळेल. ती भीती तुम्हीच दूर करायला हवी होती. प्रसंग लिहा बरं इथे. उत्तराचा विचार नंतर करू.

नोंदवही:
लिहिते. गेल्या वर्षी बँक रिकन्सिलिएशनमध्ये, म्हणजे आमची खाती बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवताना, २,७०० चा फरक येत होता. दोन दिवस मी एकटीच शोधत होते, एकेक व्हाउचर तपासत. कोणाला विचारलं तर "एवढंही येत नाही" असं वाटेल, ही भीती. तिसऱ्या दिवशी सकाळी वरिष्ठ सहकाऱ्यांनी आपणहून विचारलं. फरक ऐकून ते म्हणाले, "नऊने भाग जातो ना? मग आधी आकड्यांची अदलाबदल शोध." दोन अंक उलटे पडले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो. दहा मिनिटांत सापडलं: ६,३९० च्या जागी ३,६९० टाकलेलं. माझ्यामुळे पूर्ण टीमचा अहवाल एक दिवस उशिरा गेला.

त्यानंतर मी एक नियम केला. एखादा फरक पाऊण तासात सापडला नाही, तर काय काय तपासलं ते चार ओळींत लिहायचं आणि ते घेऊन विचारायला जायचं.

चौथी खुर्ची:
अहो, हेच उत्तर आहे! पाऊण तास आणि चार ओळी हे शब्द आहेत तसेच ठेवा. "मी आता संवादावर भर देते" असं काही त्यात घालू नका, सगळं पातळ होईल. अहवाल उशिरा गेला, हेही गाळू नका. पुष्कळ जण नेमकं तेच गाळतात, आणि मग उणिवेची किंमत कोणीच मोजली नाही असं वाटतं.

एकच भर घाला: अजून काय जमत नाही? उणीव पूर्ण गेली असं म्हणालात तर मला खरं वाटणार नाही.

घड्याळवाला:
माझी उणीव वेळेच्या अंदाजाची आहे, ती कशी मांडतो ते सांगतो. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना किती दिवस लागतील ते विचारलं होतं. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त. हे वाचून मला मोठा धीर आला, पण मुलाखतीत मी ते सांगत नाही. सगळेच असे असतात असं म्हटलं की जबाबदारी झटकल्यासारखं होतं. मी फक्त सांगतो की अंदाज देण्याआधी तशाच मागच्या तीन कामांना खरोखर किती दिवस लागले ते काढून बघतो. दोनदा हे उत्तर दिलं, दोन्ही वेळा पुढचा प्रश्न तीन कामांच्या नोंदी कुठे ठेवता असा आला. म्हणजे बोलणं सुरू राहिलं.

नोंदवही:
गुरुवारची मुलाखत झाली. प्रश्न आलाच. सगळं सांगितलं, शेवटी हेही की नवीन माणसांना विचारताना अजून पाऊण तासाचा दीड तास होतो. "शेवटचं कधी?" असं त्यांनीही विचारलं. मी म्हणाले, मागच्या सोमवारी, आणि काय अडलं होतं ते सांगितलं. निकाल अजून कळायचा आहे. पण पॅनेलमधल्या एका बाईंनी नऊचा नियम तिथेच कागदावर दोन आकडे उलटसुलट करून पाहिला, आणि मग आम्ही पाच मिनिटं फक्त चुका कशा शोधायच्या यावरच बोलत होतो.