लोणावळ्यातले भाड्याचे बंगले: परवाना हवा की नको?

तुंगार्लीकर:
शनिवारी रात्री पावणेबाराला शेजारच्या बंगल्यात डीजे चालू. मालक मुंबईत, फोन बंद. केअरटेकर म्हणतो, "साहेब, पार्टीनं ३० हजार मोजलेत, मी काय बोलणार?" रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे, पण धरायचं कोणाला? हॉटेलात निदान काउंटरवर माणूस सापडतो. दिवसावारी द्यायचा बंगला नगरपरिषदेत नोंदवा आणि गेटवर परवाना क्रमांकासोबत रात्री उचलला जाईल असा फोन नंबर लावा. एवढंच मागणं आहे.

बंगलेवाला_७८:
नोंदवू कशाखाली? राज्याच्या पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना मुळात राहत्या घरातल्या दोन-चार खोल्या देणाऱ्यांसाठी. माझा अख्खा बंगला जातो. नवा परवाना काढलात की फायर, पाणी, सांडपाणी, प्रत्येकाची वेगळी एनओसी आणि प्रत्येक टेबलावर चहापाणी. इथल्या पावसात बंद घर दोन वर्षांत बुरशीनं खाल्लं जातं हो. भाडं येतं म्हणून माळ्याचा पगार निघतो.

पणजीचो_पाव:
आमच्याकडे गोव्यात पर्यटन व्यवसाय नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे. तरी बिननोंदणीचे फ्लॅट ऑनलाइन झळकतातच. नोंदणी करणाऱ्याच्या दारात इन्स्पेक्टर, न करणारा मजेत! गेटवर पाटी लावून काय होणार? बुकिंग घेणाऱ्या ॲपला धरा. न्यूयॉर्कनं सप्टेंबर २०२३ पासून तेच केलं: नोंदणी नसेल तर ॲपला त्या घराचं बुकिंग घेताच येत नाही.

वलवणची_ताई:
मी तीन बंगल्यांवर स्वयंपाक करते. नियम जरूर करा, पण असे नको की छोटे बंगले बंद पडून सगळं गिऱ्हाईक हॉटेलांकडे जाईल. हॉटेलवाला मला कामावर घेणार नाही, त्याला शिकलेला शेफ लागतो. आणि डीजेचं काय घेऊन बसलात, आधी स्विमिंग पूलला कुंपण सक्तीचं करा. गेल्या पावसाळ्यात एक तीन वर्षांचं पोर पूलच्या काठावर एकटंच, मोठी माणसं आत पत्ते कुटत बसलेली. भाकरी तव्यावर सोडून धावले मी.

बंगलेवाला_७८:
ताई, कुंपणाचं पटलं, याच महिन्यात बसवतो. पण गेटवर माझा नंबर? रात्री-अपरात्री कोणीही उठवणार मला.

तुंगार्लीकर:
सध्या मी एकटाच जागतोय. सोबत होईल.