मैत्रिणींना घरचा केक विकताना भाव कसा लावता?

डोंबिवलीकर_बेकर

नमस्कार मंडळी. घरून केक करून विकणाऱ्यांना विचारायचं आहे. विकत घेणाऱ्यांनीही मत दिलं तर हवंच आहे.

मी डोंबिवली पूर्वेला राहते. ठाण्याला रीतसर क्लास केला, मोठा ओटीजी (टेबलावरचा ओव्हन) घेतला आणि सोसायटीतून, मुलीच्या शाळेतल्या आयांकडून ऑर्डरी यायला लागल्या. अनोळखी माणसाचा फोन आला की माझं काही अडत नाही. ट्रफल ११०० रुपये किलो, पायनॅपल ८००. मी सांगते, ते हो म्हणतात किंवा बघतो म्हणतात. अडतं ते मैत्रिणींपाशी.

मी दादरला नोकरीला होते तेव्हाचा आमचा लोकलचा ग्रुप अजून टिकून आहे. दसऱ्याला डबा सजवलाय, चालत्या गाडीत डोहाळजेवण केलंय, एकमेकींची मेथी निवडून दिली आहे. नोकरी सोडली तरी ग्रुपमध्ये कुणाचाही वाढदिवस असला की केक माझ्याकडूनच जातो, आणि मी सामानाचे पैसे तेवढे घेते. अर्धा किलोचा साधा केक असतो, त्यामुळे कधी काही वाटलं नाही.

आता त्यांच्यातल्याच एकीच्या मुलाचा पहिला वाढदिवस आहे, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. माणसं चाळीस. तिने फोटो पाठवलाय: दोन मजली केक, वर सिंह, हत्ती आणि जिराफ, भोवती पानं, पुढे मुलाचं नाव, सगळं फॉन्डंटचं, म्हणजे साखरेच्या मळलेल्या गोळ्याचं. चव चॉकलेट, एगलेस, वजन दोन किलो. खाली लिहिलंय, "तू घरचीच आहेस. सामानाचं काय ते सांग, लगेच जीपे करते."

तिच्या मनात काही वाकडं नाही, हे मला पक्कं माहीत आहे. माझे वडील आजारी होते तेव्हा हिने ऑफिस सांभाळून आम्हाला डबे पोचवले आहेत. म्हणून तर जास्त जड जातंय. सामान धरलं तर दीड हजाराच्या आसपास जाईल, पण नुसत्या प्राण्यांनाच एक अख्खी दुपार लागेल. आमच्या भागात असा केक साडेतीन-चार हजारांच्या खाली मिळत नाही.

तुम्ही मैत्रिणींना वेगळा भाव लावता का? लावत असाल तर किती कमी? आणि मुख्य म्हणजे हे बोलता कसं?

नाशिकरोडची_भट्टी

ताई, आधी सामान म्हणजे काय ते बघू. मैत्रीण "सामानाचं काय ते सांग" म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर मैदा, साखर आणि कोको असतो. माझ्या वहीतला एक किलो एगलेस ट्रफलचा हिशेब देते. भाव नाशिकचे आहेत, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील.

मैदा, पिठीसाखर, कोको, तेल, दूध, सोडा, बेकिंग पावडर मिळून ११०. कंडेन्स्ड मिल्कचा अर्धा डबा ७५. डार्क कंपाउंड चॉकलेट पाव किलो १२५. फ्रेश क्रीमचा पाव लिटरचा पॅक ७०. गनाशला, म्हणजे चॉकलेट-क्रीमच्या लेपाला, त्यातलं दीडशे मिलीच लागतं, पण फोडलेला पॅक मी अख्खा केकच्या नावावर टाकते. उरलेलं क्रीम घरच्या भाजीत जातं हे खरं, पण केक नसता तर तो पॅक त्या दिवशी घरात आलाच नसता. बोर्ड, बॉक्स, मेणबत्ती, सुरी ९०. बटर पेपर आणि पायपिंग बॅग २०. वीज २५. झाले ५१५. बिघडलेला स्पंज, बीटरची आणि टिनांची झीज म्हणून वर दहा टक्के. म्हणजे ५६५ च्या आसपास.

आता हात. ओव्हन चालू असताना आपण दुसरं काम करतो तो वेळ सोडून द्या. मोजामाप, मिश्रण, थर कापणं, पाक लावणं, गनाश, फिनिशिंग, शेवटी भांडी आणि ओटा, असे चार तास जातात. मी तासाला सव्वाशे धरते, म्हणजे ५००. आला ना आकडा ११०० च्या जवळ?

तुमचा परक्या माणसाचा भाव ११०० आहे. त्यात नफा म्हणावा असं काही नाहीच, तुमची मजुरी तेवढी आहे. त्यामुळे मैत्रिणीसाठी जे काही कमी कराल ते तुमच्या मजुरीतूनच जाणार. बोर्डवाला तुमच्या मैत्रीखातर बोर्ड स्वस्त देत नाही.

आणि जुन्या दरावर अडून राहू नका. २०२४ मध्ये घाना आणि आयव्हरी कोस्टमधलं कोकोचं पीक बिघडलं तेव्हा जगाच्या बाजारात भाव टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला होता. कोको पावडर आणि चांगलं चॉकलेट कसं महागलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी मी वहीतले आकडे नव्याने लिहिते. गिऱ्हाईक ओळखीचं असो की परकं, आकडा त्याच वहीतून निघतो.

तुमच्या ऑर्डरीबद्दल. किलोचा भाव हा चवीचा भाव असतो, सजावट त्यात धरायचीच नाही. फॉन्डंटचं आवरण किलोमागे ३०० जास्त. एक प्राणी हाताने घडवायला पाऊण तास जातो, तर प्राण्याचे २०० वेगळे. पानं आणि नाव मिळून आणखी २००. दुसरं म्हणजे, दोन मजली केक दोन किलोत बसवायला जाऊ नका. वरचा पाच इंची आणि खालचा आठ इंची घेतलात तरी अडीच किलो होतोच, आत डॉवेल (वरच्या मजल्याला आधार देणाऱ्या काड्या) घालावे लागतात, आणि पावसात डोंबिवलीच्या रस्त्यांवरून तो न्यायचा आहे. याचा सरळ हिशेब २७५० अधिक ७५० अधिक ८००, म्हणजे ४३००.

मी असते तर तिला दुसरा पर्याय दिला असता. एक मजली दीड किलोचा केक, बाहेरून गनाशच, वर तिन्ही प्राणी, पानं आणि नाव. शिवाय चौकोनी टिनमध्ये एक किलोचा साधा चॉकलेट केक, आतल्या आत कापून वाटायला. साध्याचे ७०० धरले तर सगळं मिळून ३१५०. फोटोत थाट तोच येतो, चाळीस जणांना पुरतं, आणि तिचे हजाराच्या वर वाचतात. मैत्रिणीला खरी मदत अशीच करता येते. आपल्या धंद्यातली माहिती तिच्या फायद्यासाठी वापरायची. परक्या गिऱ्हाइकापाशी इतकं बसून कोण बोलतं?

घेणारी_ठाण्याची

मी घेणाऱ्यांतली, म्हणून लिहिते. माझी एक मैत्रीण फार सुंदर केक करते. भाव विचारला की "दे गं काय द्यायचं ते" म्हणायची. मी आपली बाजारात चौकशी करून अंदाजाने पैसे द्यायचे, आणि घरी येईपर्यंत डोक्यात तेच. कमी तर नाही ना झाले? एकदा मला क्रीम कमी गोड हवं होतं, ते सांगता आलं नाही. एकदा अर्धा किलो जास्त हवा होता, तोही मागता आला नाही, कारण उपकार घेत असताना फर्माईश कशी करायची? शेवटी मी दुसरीकडे ऑर्डर द्यायला लागले. केक हिच्याइतका चांगला नसतो, पण तिथे मोकळेपणाने बोलता येतं.

तुमच्या मैत्रिणीने "सामानाचं सांग" म्हटलंय, कारण तिला दुसरं काय म्हणावं ते सुचलं नसेल. तुम्ही तिला आकडा दिलाच नाहीत तर तिने विचारायचं तरी काय? तिला आकडा द्या. ती सुटेल.

मडगावची_वहिनी

माझं थोडं वेगळं आहे. आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब आहे. त्यांच्याकडे लग्नाचा केक अजून घरी होतो. मनुका, बेदाणे, टूटीफ्रूटी रममध्ये कित्येक आठवडे आधी भिजत घालतात, वरचं मार्झिपान काजूचं. त्या कामाला आळीतल्या बायका जमतात. कुणी काजू वाटतं, कुणी मनुका चिरतं, कुणी मार्झिपान मळत बसतं. केक करणारी बाई तिथे फक्त सामानाचे पैसे घेते आणि कुणालाच त्यात गैर वाटत नाही, कारण तिच्या मुलीच्या लग्नात तेच हात तिच्या स्वयंपाकघरात येतात. पुरणपोळ्या, पापड, दिवाळीचा फराळ हे आपल्याकडेही असंच चालायचं.

म्हणजे सामानाच्या पैशात काम करणं वाईट, असं मला वाटत नाही. जिथे हाताला हात मिळतो तिथे ते शोभतं. तुमची मैत्रीण रविवारी येऊन तुमच्याबरोबर पानं लाटायला बसणार असेल तर पानांचे पैसे जरूर सोडा. एकटीने रात्री दोनपर्यंत जागून करणार असाल तर सोडू नका. वरच्या ताईंचा सव्वाशेचा तास मला पटला, पण प्रत्येक नात्यात वही काढणं मला जमणार नाही.

डोंबिवलीकर_बेकर

सगळ्यांचे आभार. घेणारी_ठाण्याची, तुम्ही लिहिलंत ते मी कधी त्या बाजूने पाहिलंच नव्हतं. वहिनी, तुमचं वाचल्यापासून एकच डोक्यात आहे: तिने तर हात आधीच दिलेत. महिनाभर डबे दिले, त्याचं काय?

नाशिकरोडची_भट्टी

ते डबे केकच्या बिलात वळते करू नका. तिने डबे दिले तेव्हा काही हिशेब ठेवला नव्हता, आता तुम्ही त्याची किंमत हजार-बाराशे रुपये ठरवणार का? बाळाला चांदीची वाटी घ्या, कानटोपरं विणा, तिला घरी जेवायला बोलवा. आणि केकच द्यावासा वाटत असेल तर अख्खा केक भेट म्हणून द्या, एक रुपया घेऊ नका, आणि तसं तिला आधीच सांगा. सूट दिलीत तर तिला कळत नाही काय सोडलंत, आणि तुम्हाला मात्र ते कळत राहतं.

वहिनींशी माझं भांडण नाही. आळीतल्या बायका जमून काम करणार असतील तर मीही वही मिटवेन.

हिशेब_पुणे

थोडं कामाचं. पैसे घेऊन केक विकताय म्हणजे हा खाद्यव्यवसाय आहे, गिऱ्हाईक मैत्रीण असली तरी. एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, बेसिक रजिस्ट्रेशन काढलं नसेल तर काढा. माझ्या पत्नीचं काढलं तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला ते पुरत होतं आणि फी वर्षाला १०० रुपये होती. त्यांच्या फॉस्कॉस पोर्टलवर घरबसल्या अर्ज होतो. १४ आकडी नंबर मिळतो, तो बॉक्सच्या लेबलवर आणि दरपत्रकावर छापा.

दरपत्रक कराच. एका पानाचं, चव, वजन, सजावट वेगळी. मैत्रिणीने विचारलं की तोंडाने आकडा सांगण्याऐवजी ते पान पाठवायचं, सगळ्यांना तेच. सजावटीच्या ऑर्डरीला निम्मे पैसे आगाऊ, हेही त्यावरच लिहा.

आणि एगलेस म्हणजे तिला शुद्ध शाकाहारी अपेक्षित असेल तर फॉन्डंटच्या पाकिटावरचा मजकूर वाचा. मार्शमॅलो वितळवून घरी करत असाल तर मार्शमॅलोत सहसा जिलेटिन असतं, आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून करतात.

डोंबिवलीकर_बेकर

काल दरपत्रक केलं आणि तिला हा मेसेज पाठवला. पुढे कुणाला उपयोगी पडेल म्हणून जसाच्या तसा देते.

"अगं, फोटो खूप गोड आहे. मी हल्ली सगळ्यांना एकाच दराने केक देते, पत्रक सोबत जोडलंय. फोटोतला दोन मजली केक अडीच किलोचा होईल, ४३०० रुपये. दुसरा पर्याय म्हणजे दीड किलोचा प्राण्यांचा केक आणि वाटायला एक किलोचा साधा, दोन्ही मिळून ३१५०, चाळीस जणांना पुरेल. मी तुझ्या जागी असते तर दुसरा घेतला असता. तुझ्या बजेटमध्ये बसत नसेल तर मोकळेपणाने सांग, प्राणी कमी करता येतील. बाळासाठी माझी भेट वेगळी आहे, ती मी घेऊन येणार आहे."

पाठवताना हात थरथरला, खरं सांगते. दहा मिनिटांत तिचा फोन. म्हणाली, बरं झालं बाई स्पष्ट सांगितलंस, मी दुकानात विचारून बसले होते आणि तुला किती देऊ ते कळत नव्हतं. दुसरा पर्याय घेतला, जिराफ नको म्हणाली, त्यामुळे २९५० झाले. निम्मे आलेसुद्धा. रविवारी ती नवऱ्याकडे बाळ सोपवून पानं करायला येणार आहे, तर वहिनी, पानांचे ५० रुपये सोडणार आणि नावाचे धरणार.

आता प्रश्न हत्तीचा. जुलैतल्या आमच्या हवेत फॉन्डंटचे प्राणी वाळतात का? आधी किती दिवस करून ठेवू?

नाशिकरोडची_भट्टी

चार-पाच दिवस आधी करा. नुसतं फॉन्डंट वापरू नका, त्यात थोडी सीएमसी पावडर (फॉन्डंट कडक करणारी खाण्याची पावडर) मळा, म्हणजे पाय बसत नाहीत. हाताला आणि ओट्याला कॉर्नफ्लोअर. धड आधी करून एक दिवस वाळू द्या, मग डोकं आणि सोंड जोडा. जोडायला टूथपिक घालू नका, पहिल्या वाढदिवसाला लहान मुलं असतात, कच्च्या स्पॅगेटीची काडी घाला. फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका, बाहेर काढलं की घाम सुटतो. हवा फारच दमट असेल तर बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा, आणि दारावर चिठ्ठी लावा म्हणजे कुणी ओव्हन तापवणार नाही. केकवर हॉलमध्ये पोचल्यावरच बसवायचे.